लिफ्टचा किल्ला

नाना, तुम्हाला खिळा ठोकता येत नव्हता. इतक्या वर्षांनी हे कागदावर लिहिते आहे आणि एकटीच हसते आहे. आपल्या घरात खिळे आई ठोकायची, वरवंट्याने. तुम्ही खाली स्टूल धरून उभे राहायचात आणि "जपून हं, जपून" असं म्हणत राहायचात, जशी काही ती शिडी लावून देवळाच्या कळसावर चढली होती. एकदा आई माहेरी गेलेली असताना तुम्ही कॅलेंडरासाठी स्वतःच खिळा ठोकायला घेतलात. भिंतीचा गिलावा पोळीएवढा निघून खाली आला आणि तुमचा अंगठा पुढचे कितीतरी दिवस काळानिळा होता. कंपनीत कुणी विचारलं तर तुम्ही सांगायचात, दारात सापडला. आणि मी तुमची मुलगी, सारा जन्म टूलरूममध्ये काढला, डाय आणि फिक्श्चरची, म्हणजे साच्यांची आणि पकडींची, डिझाइनं केली, शेवटची काही वर्षं तर तरुण पोरांना शिकवलं. लोक विचारायचे, वडील इंजिनिअर होते का? मी म्हणायचे, नाही, टाइमकीपर होते. मग ते "अच्छा" म्हणून विषय बदलायचे. त्यांना काय सांगणार, की माझ्या हातात पहिला पाना तुम्हीच दिलात, आणि तो कुठल्या बाजूने धरायचा हे तुम्हाला ठाऊक नव्हतं!

आपण तेव्हा पिंपळे गुरवात मालकीणकाकूंच्या दोन खोल्यांत राहायचो. पुढे लांबलचक ओटा, बाजूला म्हशींचा गोठा, आणि पलीकडे पवना नदीपर्यंत गेलेली त्यांची शेतं. नगरकडून आलेलं आपलं बिऱ्हाड त्यांना पहिल्यांदा फारच नाजूक वाटलं असणार. तुम्ही पांढरा शर्ट घालून, सायकलच्या दांड्याला डबा अडकवून पिंपरीला कंपनीत जायचात आणि टाइम ऑफिसच्या खिडकीत बसून कोण कधी आलं, कोण कधी गेलं, कुणाचा ओव्हरटाइम झाला ते पाहायचात. संध्याकाळी येताना मात्र कॅरिअरला काहीतरी बांधलेलं असायचं. मशीनं ज्या खोक्यांतून यायची त्यांच्या फळ्या, वाकलेल्या पट्ट्या, झिजलेली बेअरिंगं, डोकी गेलेले बोल्ट. सगळं भंगारातलं, पण गेटपास घेतल्याशिवाय तुम्ही एक वायसरसुद्धा बाहेर आणला नाहीत. गेटवरचे वॉचमन तुमची टर उडवायचे म्हणे, टाइमकीपरसाहेब आज काय घेऊन चालले, कचरा का केर? काकू गोठ्याच्या दारात उभ्या राहून कंबरेवर हात ठेवून विचारायच्या, "व्हय वो भाऊ, कंपनीनं पगाराच्या बदली भंगार द्यायला सुरवात केली व्हय?" तुम्ही म्हणायचात, "पोरांना खेळायला." "पोरांचं काय घिऊन बसलाय, पोरं उद्या साप मागतील," असं म्हणत काकू आत जायच्या, आणि गोठ्यातला कडब्याचा कोपरा आमच्या भंगारासाठी त्यांनीच रिकामा करून दिला होता.

हे तुम्ही का सुरू केलंत ते मला त्या वयात कळलं नव्हतं. आता वाटतं, त्याचं मूळ दसऱ्याला असावं. दसऱ्याला कंपनी घरच्यांसाठी उघडी असायची. सगळी मशीनं धुऊनपुसून लख्ख, त्यांच्यावर कुंकवाची बोटं, झेंडूचे हार, समोर फोडलेला नारळ. मी तुमचा हात धरून मशीन शॉपमधून चालते आहे. इतरांचे वडील आपापल्या मशीनपाशी मुलांना नेऊन दाखवताहेत, हे माझं, हे मी चालवतो. तुमचं असं एकही मशीन नव्हतं. तुम्ही एका मोठ्या लेथपाशी थांबलात, तिच्या हाराला धक्का न लावता दोन बोटं कडेला टेकवलीत आणि म्हणालात, "बघ, ही माणसं लोखंडाला हवा तो आकार देतात. आणि मी त्यांच्या वेळा लिहितो." त्यात रडगाणं नव्हतं, नाना. देवळात गेलेला माणूस जसं बोलतो तसं तुम्ही बोललात. त्यानंतरच्याच आठवड्यात पहिल्या फळ्या आल्या.

रविवारी दुपारी जेवणं झाली की ओट्यावर गल्लीतली पोरं जमायची. पोरी मी धरून दोनतीनच. तुम्ही मधोमध गोणपाट अंथरून सगळा माल ओतायचात आणि भिंतीला टेकून बसायचात. करा म्हणायचात. काय करा ते सांगायचा नाहीत, कारण तुम्हाला सुचायचंच नाही. आम्ही बेअरिंगच्या गाड्या केल्या, रहाट केले, आईच्या शिलाई मशीनच्या रिळांच्या कप्प्या केल्या, एक माणूस केला तो हात हलवायचा पण चालायचा नाही. काही अडलं की तुमच्याकडे यायचं, आणि तुम्ही हात मागे बांधून वाकून पाहायचात आणि म्हणायचात, "थांब. मला समजलं नाही. पहिल्यापासून सांग." मग सांगावं लागायचं. ही दोरी इथून जाते, ती हिला ओढते, ही फिरली की ती फिरते... "ती का फिरते?" "दोरी ओढते म्हणून." "दोरी कुठे बांधली आहे?" इथपर्यंत आलं की सांगणाऱ्याचं तोंड उघडंच राहायचं, कारण दोरी जिथे बांधायला हवी होती तिथे बांधलेलीच नसायची. तो पळत परत जायचा. तुम्ही मागून विचारायचात, "अरे, पण मला समजलं नाही अजून!"

मला पुष्कळ दिवस वाटायचं की तुम्ही सोंग करता. तुम्हाला सगळं येतं आणि आमच्याकडून काढून घेण्यासाठी तुम्ही वेड पांघरून पेडगावला जाता. म्हणून मी एकदा तुमची परीक्षा घेतली. एका रहाटाचं सगळं उलटं सांगितलं. पाणी वर गेल्यामुळे चाक फिरतं, चाक फिरल्यामुळे हात दांडा फिरवतो, असलं काहीतरी. तुम्ही त्याच आनंदाने मान डोलावलीत. "वा! हे छान केलंस." मी हसून लोळायला लागले आणि सगळं सांगून टाकलं. तुम्हीही हसलात. रागावला नाहीत. म्हणालात, "मला काय कळतंय बाळ, तू सांगशील ते मी खरं धरतो." त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. चूक पकडणारं मोठं माणूस पाठीशी आहे असं मी धरून चालले होते, आणि ते नव्हतंच. म्हणजे मी जे सांगेन ते मलाच आधी तपासून घ्यायला हवं होतं. पुढे नोकरीत माझ्या ड्रॉइंगवर तपासणीसाची सही व्हायची, पण ती सही होण्याआधी मी तुमच्यासमोर बसल्यासारखी एकदा सगळं मनात बोलून बघायचे. ही सवय मला कुठल्याही कॉलेजाने लावलेली नाही.

एकदा टाइम ऑफिसातलं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ रद्द झालं, ते तुम्ही घेऊन आलात. आम्ही ते उघडलं. तुमची एकच अट होती, काढलेला प्रत्येक तुकडा वर्तमानपत्रावर काढला त्या क्रमाने ठेवायचा. आम्ही ठेवला. मग काकूंच्या कोंबडीने क्रम बदलला. परत जोडल्यावर मूठभर तुकडे उरले आणि घड्याळ हलेना. मला रडू येत होतं, तुमचं नुकसान झालं म्हणून. तुम्ही घड्याळ कानाशी नेऊन ऐकलंत आणि म्हणालात, "आधीही बंद होतं, आताही बंद आहे. उलट आता तुला ते आतून माहीत आहे." आणि उरलेली दातेरी चाकं तुम्ही मला एका डबीत घालून दिलीत.

तुम्ही मला रागावलात ते एकदाच. काकूंचा धाकटा, तेव्हा दुसरीतिसरीत असेल, पुठ्ठ्याच्या गाडीला आस बसवत होता आणि त्याची बोटं काही केल्या जमवून घेत नव्हती. मला ते बघवेना. मी गाडी त्याच्या हातातून घेतली, फटक्यात आस बसवला आणि त्याच्यापुढे टाकली. तो खूश झाला. पण तुम्ही भिंतीपासून उठलात. इतक्या मोठ्याने बोलताना मी तुम्हाला कधी ऐकलं नव्हतं. "त्याच्या हातातून का घेतलंस?" मी म्हणाले, त्याला येत नव्हतं. "येत नव्हतं म्हणूनच तो करत होता ना? आता गाडी झाली, पण त्याचं काय झालं? काढ तो आस. दे त्याला." मी आस काढला. धाकट्याने भोकाड पसरलं. काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, झालेली गाडी मोडून पोराला रडवायचं ही कुटली वो शाळा?" तुम्ही त्याच्याशेजारी मांडी घालून बसलात. ऊन ओट्यावरून उतरलं, म्हशी धारेला आल्या, आणि तुम्ही दोघं तिथेच. शेवटी आस बसला तेव्हा त्याने तुमच्याकडे पाहिलं नाही, गाडीकडेच पाहिलं. तुम्हाला तेच हवं होतं असं मला आता वाटतं.

मग तो किल्ला. बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढचं वर्ष, मी सातवीत. आठवीपासून टेक्निकलला जाता यायचं, चिंचवडच्या बाजूच्या एका शाळेत. निम्मा वेळ पुस्तकं आणि निम्मा वेळ वर्कशॉप. कानस, करवत, लेथ. तुमच्या मनाने कधीच घेतलं होतं की मी तिथे जायचं. मुलगी तिथे तोवर एकही गेली नव्हती. आईचा तर साफ विरोध. "उद्या हाताला घट्टे पडले की पाहुण्यांना काय सांगू, पोरगी लोहाराकडे होती?" तुम्ही तिच्याशी वाद घातला नाहीत. त्या शाळेतले वर्कशॉपचे सर तुमच्या ओळखीचे होते, सायकलवरून येताजाता रामराम व्हायचा तेवढे. तुम्ही त्यांना दिवाळीच्या पाडव्याला फराळाला बोलावलंत आणि मला फक्त एवढं म्हणालात, "यंदाचा किल्ला जरा बघण्यासारखा होऊ दे." म्हणजे काय ते मला समजलं. त्या किल्ल्यावर माझी आठवी टांगलेली होती.

दगडधोंडे रचून वर गोणपाट, त्यावर पवनेकाठची चिकण माती, हळीव पेरलेले, भुयार, तळं, हे सगळे करायचे तसंच. पण आमच्या किल्ल्याला लिफ्ट होती. मागच्या कड्याला फळ्यांची उभी खाच, तीत पत्र्याच्या डब्याचा पाळणा, माथ्यावर रिळाची कप्पी, आणि खाली दांडा. दांडा फिरवला की दोरी गुंडाळली जायची आणि डब्यात बसलेला मातीचा मावळा थेट बालेकिल्ल्यावर महाराजांपुढे हजर. पहिल्यांदा दांडा सोडला तशी लिफ्ट धाडकन खाली आली आणि मावळ्याची मान तुटली. मी तुमच्याकडे आले. "पहिल्यापासून सांग," झालं. सांगता सांगता माझं मलाच कळलं की दांडा परत फिरू नये म्हणून काहीतरी अडवणारं हवं. डबीतलं घड्याळाचं एक दातेरी चाक मी आसावर बसवलं आणि एका पट्टीचा खटका केला, तो दात्यात अडकायचा. एका बाजूला टक टक टक फिरायचं, दुसऱ्या बाजूला हलायचं नाही. तुम्ही त्या दिवशी तो आवाज किती वेळा ऐकलात! कंपनीतून आलात तरी आधी दांडा, मग चहा.

पाडव्याच्या सकाळी सर आले. गल्ली लोटली होती. कमीत कमी बोलणारे, जाड चष्म्याचे गृहस्थ, चकली हातात घेऊन किल्ल्यापुढे उकिडवे बसले. आणि ऐन वेळी काकूंच्या धाकट्याला उत्साह आला. मशीनला हार हवा! यंदा दसऱ्याला आपल्याबरोबर येऊन त्याने कंपनीत पाहिलं होतं. त्याने देव्हाऱ्यातला झेंडूचा हार आणला आणि माथ्यावरच्या कप्पीला घातला. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही. मोठ्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मी दांडा फिरवायला लागले. लिफ्ट अर्ध्यावर गेली असेल, तेवढ्यात दोरीने हाराचा दोरा उचलला, कप्पीत ओढला, पाकळ्या भुरभुर उडाल्या आणि सगळं घट्ट होऊन बसलं. मी जोर लावला. आणखी घट्ट झालं. मावळा मध्येच लोंबकळत राहिला. पोरं खिदळायला लागली. कुणी म्हणालं, तोड दोरा, कुणी म्हणालं, ओढ खाली. मला एवढंच दिसत होतं की सरांनी चकली खाणं थांबवलंय.

तुम्ही गर्दीतून आलात. सगळ्यांना वाटलं, बाप आता निस्तरेल. तुम्ही हात मागे बांधलेत, वाकलात आणि नेहमीच्या आवाजात म्हणालात, "मला समजलं नाही. काय झालं ते सांग."

"हार अडकला."

"कुठे?"

"वर, कप्पीत."

"मग आता?"

"उलटं फिरवलं तर सुटेल. पण..." मी थांबले. "पण खटका उलटं फिरू देणार नाही. खटका उचलायला पाहिजे. आणि खटका उचलला तर लिफ्ट पडेल."

"मग?"

"मग कुणीतरी आधी खालून लिफ्ट धरायला पाहिजे."

तुम्ही बाजूला झालात. मी धाकट्याला बोलावलं, डबा धरायला लावला, खटका उचलला, दांडा उलटा फिरवला, हार सोडवला. मग परत टक टक टक. मावळा बालेकिल्ल्यावर पोचला आणि गल्लीने असा गलका केला की म्हशी बुजल्या. काकू म्हणाल्या, "आता गं बया! चढलं की येडं वर!"

सर आत येऊन बसले. आईने ताट पुढे केलं. सगळं फराळाचं संपवून, पाणी पिऊन, त्यांनी सावकाश सांगितलं, "काम चांगलं आहे. पण मुलगी नको." मी दाराआडून ऐकते आहे. "तुम्हीच पाहिलंत ना आता? कंपनीत हार घालतात तेव्हा मशीन बंद असतं. दसऱ्याला दिवसभर कुणी बटणाला हात लावत नाही. चालू मशीनला हार घालायचा नसतो. तो हार जसा ओढला गेला, तशी वेणी ओढली जाईल. आमच्याकडे पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या लेथ आहेत."

आईच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. माझं सगळं संपलं होतं. आणि तुम्ही, नाना, तुम्ही ताटाशेजारी बसल्या जागेवरून म्हणालात, "सर, मला समजलं नाही. पहिल्यापासून सांगा."

सरांनी सांगितलं. पट्टा फिरतो, लांब केस त्यात जातात, परकराचा घोळ जातो, माणूस ओढला जातो. "पट्टा मुलगी बघून ओढतो का?" तुम्ही विचारलंत. त्यात खोच नव्हती, तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं होतं. सर म्हणाले, "तसं नाही. काहीही लोंबतं असलं की ओढतो." "म्हणजे मुलाचा शर्ट बाहेर असला तर?" "तर तोही. आम्ही शर्ट खोचायला लावतो." "म्हणजे नको आहे ते लोंबतं." सरांनी मान डोलावली. "मग केस टोपीत घातले आणि परकर नसला, तर मुलगी चालेल का नाही, एवढंच मला अजून समजलं नाही," तुम्ही म्हणालात. मी त्या सरांना पुढे तीन वर्षं ओळखत होते. ते कुणापुढे हरणारे नव्हते. पण त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि म्हणाले, "जूनमध्ये घेऊन या. हेडमास्तरांशी तुम्हीच बोला. माझ्या वर्कशॉपचं मी बघतो."

आई त्यानंतर कित्येक दिवस आपल्याशी कामापुरतं बोलत होती. मग मे महिन्यात एका दुपारी तिने मला भिंतीशी उभं करून माप घेतलं. खाकी कापड कुठून आणलं होतं ते तिचं तिलाच माहीत. वर शर्ट, खाली विजार, एकत्र शिवलेलं, बाह्या मनगटाशी घट्ट, आणि त्याच कापडाची एक टोपी, आत इलॅस्टिक घातलेली. तुम्ही बघायला आलात तर म्हणाली, "जायचंच आहे तर निदान मापाचं तरी असू दे." इतका चांगला पोशाख मी पुढे कुठल्याच कंपनीत घातला नाही.

नाना, तुम्ही फार लवकर गेलात. माझ्या डिप्लोमाचं शेवटचं वर्ष चालू होतं. कंपनीत मी पहिल्यांदा कार्ड पंच केलं ते तुम्ही पाहिलं नाहीत, आणि तुमच्यासारखाच कुणी टाइमकीपर खिडकीतून माझ्याकडे चष्म्यावरून बघत होता. मी त्याला नमस्कार केला. तो गोंधळला.

आता मी रहाटणीला राहते. निवृत्त झाले. सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी मुलं जमवते. त्यांच्याकडे रंगीत खोकी असतात, त्यांत सगळे तुकडे मोजून मापून, बरोबर चित्रांचं पुस्तक. मी ती खोकी बाजूला ठेवायला लावते आणि फळ्या, रिळं, सुतळी ओतते. पालक दारात उभे राहून विचारतात, मॅडम, यातून काय शिकवणार? मुलांना काही अडतं. मला उत्तर दिसत असतं, अगदी नाकासमोर. माझी बोटं शिवशिवतात. मी त्यांना म्हणते, मला समजलं नाही, आणि ती पोरं लबाड, ती म्हणतात, आजी, तुम्हाला समजलंय! तुमचं बरं होतं. मला अज्ञानाचं सोंग आणावं लागतं आणि ते मला धड वठत नाही. पण मी तुमची थोरवी तुमच्या अज्ञानात कधीच धरली नाही. न येणारी माणसं काय थोडी असतात? तुमच्यासारखी चारचौघांत, पोरांपुढे, पाहुण्यांपुढे, "मला समजलं नाही" असं सुखाने म्हणणारी मी नंतर फारशी पाहिली नाहीत. मोठमोठ्या साहेबांना ते एक वाक्य आयुष्यात म्हणता आलं नाही, आणि त्यापायी काय काय महागाचं लोखंड वाया गेलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मला तुमचा अभिमान वाटतो. तुम्ही असताना हे बोलायची आपल्याकडे पद्धत नव्हती.

एक गोष्ट मात्र तुम्हाला कधीच सांगितली नाही, आणि ती सांगायलाच बहुधा मी लिहायला बसले. जूनमधला तो दिवस. तुम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. मला कॅरिअरवर बसवून तुम्ही सायकल मारत होतात आणि चढावरसुद्धा उतरला नाहीत. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. वाटेत भेटेल त्याला सांगत होतात, "हिला टेक्निकलला घालतोय." मी मागे खाकी पोशाखात, टोपी कानांवर ओढून. फाटकाशी आपण उतरलो. आत मैदानावर मुलंच मुलं, आणि एकेक जण खेळ थांबवून माझ्याकडे बघायला लागला. तुम्ही सायकल कुलपात घालत होतात, किल्ली सापडत नव्हती, आणि स्वतःशीच गुणगुणत होतात. तुम्ही कधी गुणगुणायचा नाहीत. आत गेल्यावर हेडमास्तरांनी बराच वेळ नकाराचे सूर लावले, तुम्ही त्यांना "मला समजलं नाही" म्हणत राहिलात, आणि शेवटी एक महिना बघू म्हणून त्यांनी मला बसवून घेतलं. तो महिना मग कुणी मोजलाच नाही. हे सगळं तुम्ही मरेपर्यंत रंगवून सांगायचात, आणि शेवटी म्हणायचात, "पोरीची जिद्दच तशी होती हो!"

जिद्द माझी नव्हती, नाना. मला ओट्यावर खेळायचं होतं, रिळं आणि दोऱ्या घेऊन, तुम्ही भिंतीशी बसलेले असताना. त्या मैदानातून एकटीने चालत जायचं नव्हतं. पुढे श्रावणात कधीतरी, कानशीखालून पहिली सपाट कड निघाली आणि सरांनी तिच्यावर काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला, खालून उजेड दिसेना, तेव्हा ते माझं झालं. तोवर ते सगळं तुमचंच होतं. फाटकाशी तुम्ही किल्ली शोधत होतात ना, तेव्हा मी डोळे मिटून काकूंच्या शेताच्या बांधावरच्या म्हसोबाला नवस बोलत होते, की हेडमास्तरांना नाही म्हणू दे, म्हणजे आम्हाला घरी जाता येईल. तुम्ही वर पाहिलंत आणि विचारलंत, "देवाचं नाव घेतेस का? घे, घे," आणि मी हो म्हणाले.